शिवारातले हिवाळी पाहुणे



गळीत हंगाम सुरू झाला की आपले सगळे ध्यान तोडीची तारीख, टोळी, गाडी आणि काट्यावरचे वजन याकडे लागते. ते बरोबरच आहे. पण याच दिवसांत आपल्या शिवारात आणखी एक टोळी उतरलेली असते. तिला उचल द्यावी लागत नाही, मुकादम लागत नाही, आणि ती मधेच पळूनही जात नाही. ही टोळी म्हणजे थंडीत येणारे परमुलखातले पक्षी. त्यांची ओळख करून घेण्यात आपलाही फायदा आहे, म्हणून हा लेख.

उत्तरेकडे, मध्य आशियात, सायबेरियात, मंगोलियात हिवाळ्यात पाणी गोठते, जमीन बर्फाखाली जाते. थंडी सोसणारे पक्षी पुष्कळ आहेत, पण खायलाच नाही तर राहणार कसे? म्हणून ते दक्षिणेला निघतात. पट्टकादंब नावाचा हंस तर हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना त्याची नोंद झालेली आहे.

आपल्याकडे पाण्याच्या पक्ष्यांना मोठा आसरा झाला तो पैठणच्या जायकवाडी धरणाने. १९७६ साली धरण झाले आणि त्याच नाथसागराला १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. वर नाशिककडे गोदावरीवरच नांदूर मधमेश्वर आहे. २०२० साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली, आणि महाराष्ट्रातले हे त्या यादीतले पहिले ठिकाण. आपल्या बाजूला गोदावरीवर खडका, मुदगल येथे बंधारे झाले, त्यामुळे साठलेले पाणी दिसते. अशा पाण्यावर शेपटी टोकदार असलेले तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या आणि भगव्या रंगाचा चक्रवाक थंडीत बघायला मिळू शकतात. अंगाने काळी आणि कपाळावर पांढरा टिळा असलेली दिसते ती वारकरी. नाव किती शोभते बघा! ती मात्र काही पाहुणी नव्हे, बरीचशी इथलीच.

पण सभासदाला खरे काम पाण्याच्या पक्ष्यांपेक्षा शेतातल्या पक्ष्यांशी आहे. लागणीसाठी नांगरट चालू असताना औताच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे बगळे चालतात, हे पोरासोरांनाही माहीत आहे. त्यांच्या जोडीला शेपूट खालीवर हलवणारा काळा-पांढरा परीट असतो, तो मात्र परदेशी. बगळे, साळुंक्या मातीतून उघड्या पडलेल्या हुमणीच्या अळ्या वेचतात. पक्षी आले म्हणजे हुमणी संपली असे कुणी समजू नये, औषधपाणी व सापळे लागतातच. पण फुकटचा गडी हाकलून लावू नये एवढेच. हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे फोरेट टाकत होतो. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात पूर्ण बंदी आहे. कुणाच्या घरात जुना डबा उरला असेल तर तो वापरू नये.

तक्रार येते ती भोरड्यांची. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना थव्याने ज्वारीवर पडतात आणि कणसे रिकामी करतात, हे नाकारून चालणार नाही. माळ्यावर बसून गोफण फिरवावी, डबे वाजवावेत, चमकी फीत बांधावी. राखण करण्याला कुणाची हरकत नाही. मात्र हाच पक्षी उन्हाळ्यात आपल्या मुलखात पिल्लांना टोळ आणि नाकतोडे भरवतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून ठेवतात. एकाच्या रानातला चोर तो दुसऱ्याच्या रानातला राखणदार, असा हा प्रकार आहे.

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी हरभऱ्यात उंदीर फार झाले म्हणून आम्ही झिंक फॉस्फाईडचे दाणे बांधावर उघड्यावर टाकले. सकाळी बघतो तर उंदीर दोन, आणि होले सात, तित्तर दोन मरून पडलेले. पाहुणे असोत की घरचे, दाणे टिपणाऱ्याला विष कळत नाही. तेव्हापासून आम्ही रीत बदलली. आधी दोन-तीन दिवस साधे दाणे बिळाशी ठेवायचे, उंदराला सवय लागली की विषारी आमिष बिळाच्या आत सारून तोंड मातीने बुजवायचे, आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरायचे. मजुरी थोडी जास्त लागते, पण आमिष वाया जात नाही.

उंदरांचा खरा वैरी गव्हाणी घुबड. (आपल्या कारखान्याच्या गव्हाणीशी त्याचा संबंध नाही, पण भूक तशीच मोठी.) तोंड पानाच्या आकाराचे, रंग पांढुरका. तो बाराही महिने इथलाच. त्याला अपशकुनी म्हणून दगड मारणे म्हणजे स्वतःच्या पिकाचा रखवालदार मारणे. दिवसा उंदरांवर लक्ष ठेवणारा पाहुणा म्हणजे भोवत्या. लांब पंख पसरून तो गव्हा-हरभऱ्यावरून अगदी खालून तरंगत जातो आणि रात्री गवताळ माळावर जमिनीवरच झोपतो. माळ पेटवले की त्याचा मुक्काम मोडला. पाचटाचेही तेच. हेक्टरी आठ-दहा टन पाचट जाळून आपण जमिनीचे खत आणि पक्ष्यांचे खाद्य दोन्ही गमावतो. कुट्टी करून सरीतच राहू द्यावे.

बघायला जायचे तर उजाडल्यावर पहिले दोन तास बरे. सूर्य पाठीशी घ्यावा, कपडे मळकट रंगाचे असावेत, कुत्रे बरोबर नसावे. जाळे, फासे लावून बदके धरणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे पोरांना बजावावे. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह होतो. ५ ला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ ला डॉ. सालिम अली यांचा. शाळेच्या मुलांना त्या आठवड्यात नदीवर घेऊन जाता येईल.

मेलेल्या किंवा जखमी पक्ष्याच्या पायात धातूची कडी आढळली तर तिच्यावरचे आकडे व अक्षरे, गाव आणि तारीख लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. आपल्या गट कार्यालयात चिठ्ठी दिली तरी आम्ही ती पुढे पाठवू.