ऑक्टोबरच्या उन्हात जमीन उघडी नको

पुण्या-नाशिकच्या परसबागेत हिवाळ्याची तयारी म्हणजे वाफे खणून, तण उपटून जमीन लख्ख करणे, असा समज आहे. तो उलटा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहसा मोसमी पाऊस माघारी फिरतो, ढग हटतात आणि उन्हाचा तडाखा थेट मातीवर बसतो. काळी माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात आणि त्यांतून खालच्या थरांतली ओलही उडून जाते. वाटाणा किंवा लेट्यूसचे बी ३० अंश सेल्सिअसपुढे तापलेल्या मातीत नीट रुजत नाही. दोष मात्र बियाणेवाल्याला! म्हणून वाळल्या पाल्याचे दोन-तीन इंची आच्छादन आधी, आणि पेरणी रात्री गार होऊ लागल्यावर, ओळीपुरता पाला बाजूला सारून.

जमीन अजून ओलीच आहे, मग घाई कशाला, असे कोणी विचारेल. आच्छादन पाणी देत नाही, असलेले टिकवते. म्हणून ते ओलीवरच घालायचे. पाला नत्र खातो, हा आक्षेप अर्धाच खरा. मातीत मिसळला तर कुजवणारे सूक्ष्मजीव नत्र ओढून घेतात, नुसता वर पसरला तर फारसा फरक पडत नाही. वाळवीची भीती मात्र रास्त आहे. तेव्हा खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा. आणि सोसायटीच्या आवारातला पाला यंदा जाळू नका, वाफ्यावर आणा.