गिटारच्या दांडीवरील सप्तक



कल्याण सोडल्यावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि आमचें बदलापूर या बाजूच्या घरांत जेथें पूर्वीं पेटी असावयाची, तेथें आतां पुष्कळदां गिटार दिसते. मुलगा अगर मुलगी चार-सहा महिन्यांत दोन गाणीं बरीं वाजवूं लागते आणि घरांत कौतुक होतें. मग गणपतींत मावशी भजनाला काळी चारचा सूर लावते, आणि त्याच विद्यार्थ्याचा हात दांडीवर अडतो. त्याला गाणें येतें, परंतु एकाच जागीं येतें. कित्येक मुलें येथेंच कंटाळून वाद्य भिंतीला टांगतात. दोष बोटांचा नसतो. शिकण्याच्या क्रमाचा असतो.

पेटीवर प्रत्येक सुराला एकच पट्टी असते. गिटारवर तसें नाहीं. मोकळ्या तिसऱ्या तारेचा जो सूर, तोच चौथ्या तारेच्या ५ व्या पडद्यावर, पांचव्या तारेच्या १० व्या पडद्यावर आणि सहाव्या तारेच्या १५ व्या पडद्यावरही मिळतो. एक सूर आणि चार घरें! नवशिक्याला हा गोंधळ वाटतो. जाणत्याला ही सोय वाटते.

आपली सतार पाहा. सतारीचा वादक बहुतेक सारें गाणें एका बाजाच्या तारेवर वाजवितो, म्हणून त्याचा हात दांडीच्या लांबीनें धांवतो. गिटारचा हात मुख्यतः दांडीच्या रुंदीनें, एका तारेवरून दुसरीवर जातो. दोन्ही वाटा शिकाव्यात, आणि आरंभ सतारीच्या वाटेनेंच करावा असें माझें मत आहे. एकाच तारेवर बिलावलचें सप्तक वाजवावें: सा पासून रे दोन पडदे पुढें, ग आणखी दोन, म एक, प दोन, ध दोन, नी दोन आणि तार षड्ज एक. एकूण बारा पडदे झाले. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तार ६५ सेंटिमीटर असेल, तर साडेबत्तीसांवर. गॅलिलिओचा पिता विन्सेंझो गॅलिली यानें १५८१ सालच्या आपल्या ग्रंथांत पडद्यांचें जें गणित दिलें, तें साधें आहे: उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडावा आणि पुढचा पडदा बसवावा. आजचा हिशेब याहून किंचितच निराळा आहे. पडदे पुढें पुढें जवळ कां येतात, हें यावरून मुलांच्या ध्यानांत येईल. गणिताच्या शिक्षकांना हें उदाहरण वर्गांत उपयोगी पडावें.

आतां रुंदीची वाट. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड ती सहावी. शेजारच्या दोन तारांत पांच पडद्यांचें, म्हणजे षड्ज-मध्यमाचें अंतर असतें. मात्र तिसरी व दुसरी यांत तें चारच पडद्यांचें, षड्ज-गांधाराचें आहे. हा एक अपवाद लक्षांत ठेवला, कीं दांडीचें अर्धें कोडें सुटलें.

पांचव्या तारेचा ३ रा पडदा हा पांढरी एकचा षड्ज. त्याच तारेवर ५ वर रे. चौथ्या तारेवर २, ३, ५ येथें ग, म, प. तिसऱ्या तारेवर २, ४, ५ येथें ध, नी, सां. एका तारेवर दोन सूर, पुढच्या दोन तारांवर तीन-तीन. हा एक सांचा झाला. तो अख्खा एक पडदा पुढें सरकविला म्हणजे काळी एकचें सप्तक मिळतें, तीन पडदे सरकविला म्हणजे काळी दोनचें. बोटांची मांडणी तीच राहते. मावशीच्या काळी चारसाठीं हाच सांचा सहाव्या तारेवर ४ थ्या पडद्यापासून मांडावा, कारण सहावी, पांचवी व चौथी यांतही तेंच अंतर आहे. परंतु षड्ज चौथ्या तारेवर ५ व्या पडद्यावर धरला, तर ध, नी, सां हे दुसऱ्या तारेवर येतात. तेथें सांच्याप्रमाणें ४, ६, ७ न धरतां ५, ७, ८ धरावे लागतात. त्या चार पडद्यांच्या अपवादाचा हा कर. कोणी म्हणेल, दांडीला चिमटा लावला कीं पट्टी बदलते, मग ही यातायात कशाला? चिमटा पट्टी बदलील. सुरांचीं घरें दाखविणार नाहीं.

वाजवितांना पडद्यांचे आंकडे मनांत म्हणूं नयेत; तोंडानें सा, रे, ग म्हणावें. आंकडा जागा बदलली कीं बदलतो, सुराचें नांव बदलत नाहीं. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. त्या परंपरेंत गळ्यासाठीं जे अलंकार घोटवून घेतात, तेच येथें हातासाठीं घ्यावे: सारेग, रेगम, गमप. सरळ चढ-उतार हात पाठ करून टाकतो आणि कान झोंपी जातो. अलंकारांत तसें होत नाहीं. स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोव्हिया यांनीं १९५३ सालीं सप्तकांच्या अभ्यासाची लहानशी पुस्तिका छापली होती. एवढ्या मोठ्या वादकालाही ती लिहावीशी वाटली, हें मुलांना अवश्य सांगावें.

एक उणीव मात्र झांकतां येत नाहीं. गिटारचे पडदे पक्के असतात, सतारीसारखे सरकत नाहींत. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले, तर गिटारचा गांधार स्वयंभू गांधारापेक्षां सुमारें १४ भाग चढा असतो. तार ओढून सूर चढतो, उतरत नाहीं. म्हणून हा गांधार ओढून दुरुस्तही होत नाहीं. पेटीवरही हाच आक्षेप होता, आणि आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला जी बंदी केली, तिच्यामागें हें एक कारण होतें. ब्रिजभूषण काब्रा यांनीं गिटार आडवी ठेवून तारेवर कांडी फिरविण्याची रीत धरली आणि पडद्यांचें बंधनच टाळलें. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत तें ऐकावयास मिळतें. भजनाच्या साथीला पक्के पडदे चालतात. आलापीला कान कुरकुरतो.

सांचा हातीं बसल्यावर पं. भातखंडे यांच्या दहा थाटांकडे वळावें. वरच्याच पांढरी एकच्या सांच्यांत म तिसऱ्या पडद्यावरून चौथ्यावर नेला, कीं कल्याण थाट झाला. ग आणि नी एकेक पडदा मागें घेतले, कीं काफी. रे, ग, ध, नी हे चारही मागें आले, कीं भैरवी. तेव्हां मात्र तर्जनी पहिल्या पडद्यावर ठेवून हात थोडा मागें घ्यावा लागतो.