लाइट हिरवा, तरी डिस्क का दिसेना?

सर्व्हरचं एचबीए कार्ड बदललं, केबल लावली, लाइट हिरवा. तरी स्टोरेजची डिस्क दिसत नाही. का?

आपल्या वाशिमची गाडी डोळ्यासमोर आणा. चेसिस नंबर कारखान्यातला. एमएच-३७ हा नंबर मात्र आरटीओनं दिलेला. फायबर चॅनलमध्येही तसंच. पोर्टला ६४ बिटांचं वर्ल्ड वाइड नेम कारखान्यातूनच मिळतं. केबल जोडली की पोर्ट स्विचकडे फ्लोगी, म्हणजे फॅब्रिक लॉगिन करतो. स्विच त्याला २४ बिटांचा पत्ता देतो. त्यातले पहिले ८ बिट म्हणजे स्विचचा डोमेन आयडी, आपलं '३७' समजा. मग पोर्ट नेम सर्व्हरकडे नोंद करतो आणि विचारतो, स्टोरेज कुठंय? नेम सर्व्हर फक्त त्याच्या झोनमधलीच नावं सांगतो.

आता गोम इथं आहे. झोन बहुतेक वेळा वर्ल्ड वाइड नेमवर बांधतात. कार्ड नवं, म्हणजे नाव नवं. झोनमध्ये मात्र जुनंच.

म्हणून आधी दोन याद्या बघा. फ्लोगीच्या यादीत नाव नसेल, तर केबल, एसएफपी आणि पोर्टची सेटिंग तपासा. तिथं आहे पण झोनमध्ये नाही, तर झोन दुरुस्त करा. आणि स्टोरेजवरच्या परवानगीतही नवं नाव टाका, नाहीतर झोन बरोबर असूनही डिस्क दिसायची नाही.