आधी पुस्तक, मग ‘भूमिका’

श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ (1977) अनेकांनी पाहिलाय, पण तो ज्यावरून सुचला ते हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ किती जणांनी वाचलंय?

हंसाबाईंचं खरं नाव रतन साळगावकर. प्रभातचा ‘संत सखू’ (1941) आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ (1947) गाजवणारी ही नटी. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (1959) मध्येही त्या होत्या, आणि आत्मकथेला नाव मिळालं ते याच चित्रपटाचं.

ही आत्मकथा हंसाबाईंनी सांगितली आणि अरुण साधूंनी शब्दांकन केलं. दारू, फसलेला संसार, घर सोडून जाणं, सगळं त्या सरळ सांगतात. कुठे सारवासारव नाही, की दयेची याचना नाही. मराठी नटनट्यांच्या आत्मचरित्रांत मी याला पहिला नंबर देतो.

‘भूमिका’साठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तिचं काम अप्रतिमच आहे. तरी हंसाबाईंचा तो बोलका, रोखठोक आवाज पुस्तकातच भेटतो. छोटंसं आहे, दोन बैठकांत संपेल. नक्की वाचा!