परक्या शहरात वाट चुकली तर?

बालदोस्तांनो, पाहुण्यांना तुम्ही घराचा पत्ता कसा सांगता? ‘मारुतीच्या देवळापाशी उतरा, पिठाच्या गिरणीवरून वळा आणि कुणालाही विचारा!’ असाच ना? आपल्या गावात एवढं पुरतं, कारण देऊळ नि गिरणी सगळ्यांना ठाऊक असते. पण परदेशातल्या शहरात ना देऊळ ओळखीचं, ना गिरणी! तिथे भल्याभल्यांची फजिती होते.

आता विन्स्टन चर्चिल यांचंच बघा. इतिहासाच्या पुस्तकात भेटणारे, १९४० साली ब्रिटनचे पंतप्रधान झालेले तेच हे चर्चिल. १९३१ च्या डिसेंबरात ते व्याख्यानं देण्यासाठी न्यूयॉर्कला गेले होते. १३ तारखेच्या रात्री ते टॅक्सीत बसून एका मित्राच्या घरी निघाले. घर फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण घराचा क्रमांक काही आठवेना! बराच वेळ शोधाशोध झाली. शेवटी ते टॅक्सीतून उतरले आणि पायीच रस्ता ओलांडू लागले.

इथेच घात झाला. ब्रिटनमध्ये वाहनं आपल्यासारखी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, अमेरिकेत उजव्या. चर्चिलसाहेबांनी सवयीने भलतीकडेच पाहिलं आणि दुसऱ्या बाजूने आलेल्या मोटारीने त्यांना उडवलं. डोक्याला जखम झाली, रुग्णालयात राहावं लागलं. मात्र त्यांचा मोठेपणा असा, की चूक आपलीच होती हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. चालकाला दोष दिला नाही. उलट, पुढे त्याला भेटायला बोलावून आपलं एक पुस्तक भेट दिलं!

परदेशी जाताना कपडे आपण आठवणीने भरतो. सवयी मात्र न भरताच सोबत येतात! म्हणून पॅरिस, रोम किंवा न्यूयॉर्कला गेलात, तर रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचं. लंडनमध्ये आपल्यासारखंच आधी उजवीकडे. तिथे पाहुण्यांची गडबड होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत ‘उजवीकडे पाहा’ असं इंग्रजीत रंगवलेलं असतं.

रस्ता ओलांडला, आता घर शोधू या. टोकियोत असाल, तर पहिला धक्का हा, की तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत! तिथल्या पत्त्यात आधी शहर, मग विभाग, मग छोटा भाग, मग इमारतींच्या गटाचा आकडा आणि शेवटी इमारतीचा आकडा. म्हणजे आपल्या पत्त्याच्या अगदी उलट. त्यातही काही जुन्या वस्त्यांत हे आकडे इमारती ज्या क्रमाने बांधल्या गेल्या, त्या क्रमाने दिलेले आहेत. त्यामुळे ३ क्रमांकाच्या शेजारी ४ असेलच, असं मुळीच नाही!

घाबरू नका. टोकियोच्या वस्त्यावस्त्यांत ‘कोबान’ नावाच्या छोट्या पोलीस चौक्या आहेत. तिथे परिसराचा नकाशा असतो आणि वाट सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचंच काम. खुद्द जपानी माणसंही तिथे जाऊन पत्ता विचारतात. मग आपण लाजायचं कशाला?

आणि चुकण्यातली गंमत चाखायची असेल, तर इटलीतलं व्हेनिस गाठा. शंभराहून जास्त बेटांचं हे शहर, ४०० हून अधिक पूल आणि रस्त्यांच्या जागी कालवे. तिथे घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नसतात. अख्ख्या विभागाला मिळून एकच ओळ. त्यामुळे एखाद्या छोट्याशा घरावर पाच हजारांच्या वरचा आकडा दिसतो! एकाच नावाच्या गल्ल्याही अनेक. काही ठिकाणी तर एकाच चौकाकडे जाणारे दोन बाण भिंतीवर दिसतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मजा म्हणजे, दोन्ही बरोबर असतात! मोबाइलवरचा नकाशासुद्धा या बोळांमध्ये गोंधळतो. भराभर चालत जावं, तर गल्ली संपते ती थेट पाण्यात!

पण असंच भरकटत तुम्ही एखाद्या शांत चौकात पोहोचता. मधोमध दगडी काठाची विहीर. चारी बाजूंना खारं पाणी असलेल्या गावात विहीर कशी? तर चौकाच्या खाली मोठं टाकं असायचं. पावसाचं पाणी फरशीतल्या भोकांतून खाली जायचं, वाळूतून गाळून स्वच्छ व्हायचं आणि विहिरीत साचायचं. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचं पाणी येईपर्यंत व्हेनिसकर मुख्यतः या पाण्यावर जगले. वाट चुकली नसती, तर ही विहीर दिसली असती का?

मात्र चुकणं वेगळं आणि हरवणं वेगळं, बरं का! म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा. उतरलेल्या हॉटेलचं, तिथल्या लिपीत छापलेलं कार्ड खिशात असू द्या. मोबाइल बंद पडला तरी ते दाखवता येतं. आईबाबांचा फोन नंबर देशाच्या आकड्यासह पाठ हवा. आणि चुकामूक झालीच, तर कुठे थांबायचं, हे बाहेर पडण्याआधीच ठरवा. आईबाबांनो, हे ठरवणं तुमचं काम! मोठ्या स्टेशनवर तर याची फार गरज. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला बाहेर पडायच्या २०० हून अधिक वाटा आहेत. नुसतं ‘बाहेर भेटू’ म्हटलं, तर भेटणार कुठे?

एवढी तयारी झाली, की मग खुशाल एखादी अनोळखी गल्ली धरा!