दगड वितळला नव्हता

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की मनसरच्या पुढे, देवलापारच्या बाजूला, दगडात साडीच्या निऱ्यांसारखे दुमडलेले पट्टे दिसतात. ते दाखवायला मी लोकांना हौसेनं नेतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच, "लाव्हा वाहता वाहता गोठला वाटतं." सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला प्रत्येक दगड लाव्ह्याचा वाटावा, हे मी समजू शकतो. महाराष्ट्राचा जवळपास 80 टक्के भाग खरोखरच बेसाल्टचा, म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याचा आहे. पण हेच वाक्य इथल्याच, रामटेक तालुक्यातल्या माणसाकडून ऐकलं की मात्र डोकं फिरतं.

तर एकदा नीट सांगतो. हा सौंसर पट्टा. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौंसर गावावरून त्याला नाव पडलं. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा तो कमानीसारखा पसरला आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. इथले खडक दुमडले गेले ते साधारण 100 कोटी वर्षांपूर्वी. मोनाझाइट या खनिजाच्या किरणोत्सारी घड्याळावरून हा काळ काढलेला आहे, अंदाजपंचे नाही. आणि हे मुख्यतः वाळू, चिखल आणि चुन्याचे समुद्रात साचलेले थर होते. वाळूचा क्वार्टझाइट झाला, चिखलाचा अभ्रकाचा शिस्ट, चुन्याचा संगमरवर.

"पण न वितळता दगड वाकेल कसा?" हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. लोहाराला विचारा. फाळ वाकवायला तो लोखंड वितळवत नाही; लाल होईपर्यंत तापवतो आणि ठोकतो. लोखंड पूर्णवेळ घनच असतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. पंधरा-वीस किलोमीटर खोलीवर क्वार्ट्ज, म्हणजे गारगोटीचं खनिज, मऊ पडतो. 300 अंशांच्या आसपासच त्याचे स्फटिक आतल्या आत सरकू लागतात. पाणी मुरलेला ग्रॅनाइटसुद्धा वितळायला साधारण 650 अंश लागतात. दगडाच्या बहुतेक घड्या या दोन आकड्यांच्या मधल्या टापूत पडतात.

लोहार घाईत असतो, पृथ्वी नसते. अशा पट्ट्यांत दगड आखडण्याचा जो ढोबळ वेग धरला जातो, त्यानं एक मीटर लांबीचा दगड एक सेंटीमीटरनं आखडायला 30 हजारांवर वर्षं लागतात. तेवढंच आखडणं एका क्षणात घडवलं तर दगड तुटेल. म्हणूनच "मोठ्या भूकंपानं वाकले असतील" हेही खोटं. भूकंपात खडक मोडतो आणि सरकतो, त्याला निऱ्या पडत नाहीत.

पुरावा हवा? शिस्टचा सुटा तुकडा हातात घ्या. बोटांना चंदेरी चकाकी लागते, ते अभ्रक. त्याच्या पापुद्र्यांवर करंगळीएवढ्या सुरकुत्या दिसतात आणि मधेमधे ज्वारीच्या दाण्याएवढे तांबूस गार्नेट. पापुद्रे सगळे एका दिशेला निजलेले, कारण ते दाबाखाली वाढले. वितळून गोठलेल्या दगडात स्फटिक सहसा असे रांगेत निजत नाहीत, आणि मूळचे थर तर मुळीच टिकत नाहीत. इथे मात्र बोटभर जाडीचे थरही वेगवेगळे ओळखता येतात. भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी 1909 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथात इथल्या गार्नेट-क्वार्ट्जच्या खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं, ते मँगनीजयुक्त गाळाचं रूपांतर म्हणूनच. उत्तरेकडे काही ठिकाणी खडक अंशतः वितळल्याच्या खुणा आहेत, हे कबूल. पण निऱ्या त्यामुळे पडलेल्या नाहीत.

शिवाय घडी एकदाच पडली नाही. आधी थर इतके घट्ट मिटले की दोन्ही बाजू जवळजवळ समांतर झाल्या आणि घड्या आडव्या पडल्या. मग ती चळत पूर्व-पश्चिम वळ्यांमध्ये पुन्हा दुमडली गेली आणि सगळ्यात शेवटी तिला हलका आडवा बाक आला. घडी घातलेली चादर पुन्हा दुमडली की तिची किनार कुठे दिसेल, याचा नेम राहत नाही. या पट्ट्याच्या नकाशावर नेमकं तेच दिसतं. मँगनीजच्या खाणवाल्यांना हे पुस्तकाबाहेर शिकावं लागलं: घडीच्या वळणावर धातुक जाड, बाजूंना पातळ.

आता किरकोळ गैरसमज.

"वरचा थर नवा, खालचा जुना." सरळ थरांत खरं. आडव्या पडलेल्या घडीची एक बाजू उलटी असते. देवलापारजवळ खडकांची अख्खी चळत दुसऱ्या चळतीवर सरकून बसली आहे, असं भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1936 साली मांडलं. तपशिलांवर वाद नंतरही झाले.

"मँगनीज ज्वालामुखीतून वर आलं." नाही. ते गाळाबरोबर समुद्रतळावर साचलं.

"एवढ्या घड्या, म्हणजे इथे हिमालयाएवढे पर्वत असणार." पर्वत होते. त्यांची उंची मात्र घड्या मोजून सांगता येत नाही. आज जे दिसतं ते त्या पर्वतांचं झिजून उघडं पडलेलं पोट आहे.

कधी तिकडे गेलात तर हातोडी गाडीतच ठेवा; नुसते पट्टे मोजा. घडीच्या एका बाजूनं गाभ्याकडे जाताना पांढरा, करडा, काळा असा क्रम लागला असेल, तर गाभा ओलांडल्यावर काळा, करडा, पांढरा असा उलटा लागेल. मग सोबतच्या 'लाव्हा'वाल्यालाही मोजायला लावा.