करार आणि कृपा

या वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. भुकेल्याला अन्न द्या, उघड्याला वस्त्र द्या, हे सांगण्यात आणि करण्यात त्यांचा जन्म गेला. ही शिकवण ज्यांच्या अंगवळणी पडली, त्यांच्यापुढे ख्रिस्ती धर्मातील ‘कृपेने तारण’ हा विचार मांडू लागलो, की पहिली शंका ठरलेली असते: तारण जर फुकट मिळते, तर माणसाने सत्कर्म करावेच कशाला? शंका रास्त आहे. तिचा विचार आपण करू.

‘करार’ हा शब्द आपल्या व्यवहारातला. शेत मक्त्याने दिले, की कोणी काय द्यायचे ते ठरते. एकाने शब्द मोडला, की करार मोडला. बायबलातला जुना करार याच तऱ्हेचा. सीनाय पर्वतावर मोशेच्या द्वारे इस्राएल लोकांना नियमशास्त्र मिळाले. ते पाळले तर आशीर्वाद, मोडले तर शाप. लोकांनी ते पुन्हा पुन्हा मोडले. तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने नव्या कराराचे आश्वासन दिले: यापुढे नियम अंतःकरणावर लिहिला जाईल आणि पापांची आठवणही ठेवली जाणार नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशूने वधस्तंभावर प्राण देऊन हा करार पुरा केला. कर्जदाराला फेडता येईना, म्हणून सावकारानेच पदरचे भरून खाते मिटवावे, तसे हे झाले. ही कृपा कमावता येत नाही. विश्वासाने ती घ्यावी लागते.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हे स्पष्ट दिसते. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शास्त्रांचा त्यांचा व्यासंग दांडगा, आचरण कडक. तरी मन निवाले नाही. पुढे सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपण धर्म पत्करला, पण ख्रिस्त आपल्याला अजून भेटलाच नाही. आपल्या योग्यतेचा हिशेब सोडून त्यांनी क्षमा स्वीकारली.

मग त्या स्वस्थ बसल्या काय? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुली-बायकांना त्यांनी आश्रय दिला. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच उभे राहिले. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातही हाच क्रम आहे: तारण कर्मांनी नव्हे, कृपेने, पण ज्याचे तारण झाले, तो सत्कर्मांसाठीच घडवलेला.

आपल्या मोर्शी-वरुडकडच्या बागांत पाहा. संत्र्याचे झाड फळे देते म्हणून जगत नाही. जगते म्हणून फळे देते. कृपा आणि कर्म यांचे नाते ख्रिस्ती माणूस असे मानतो.

गाडगेबाबांची आणि रमाबाईंची वाट एकच होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण भुकेल्याच्या पानापाशी दोघेही पोहोचले होते. कृपेचे नाव घेऊन जो तेथवर जात नाही, त्याला ती कृपा कळलीच नाही, असे त्याच्याच शास्त्राच्या आधारे म्हणावे लागेल.